मंडळी रुजते कशी?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

चर्च म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर इमारत उभी राहते. उंच मनोरा, घंटा, रंगीत काचा आणि नाताळची रोषणाई. मराठी ख्रिस्ती माणूस मात्र आपसांत बोलताना चर्चला ‘मंडळी’ म्हणतो. ‘आमच्या मंडळीचे पाळक’, ‘मंडळीची वर्गणी’, ‘मंडळीत बोलाचाली झाली’ अशी त्याची भाषा असते. हा शब्द नेमका आहे. बायबलच्या नव्या करारातील ज्या ग्रीक शब्दासाठी तो योजला गेला, त्याचाही अर्थ इमारत असा नाही. जमलेली माणसे, सभा, असाच त्याचा अर्थ आहे.

इमारत कशी बांधायची हे गवंडी सांगेल. मंडळी कशी बांधायची, आणि बांधणारा निघून गेल्यावर ती टिकायची कशी, हा प्रश्न अधिक अवघड आहे. गेली दोनशे वर्षे मिशनरी, त्यांच्या संस्था आणि आपल्याकडचे ख्रिस्ती विचारवंत यांनी त्याची निरनिराळी उत्तरे दिली. काही उत्तरे फसली, काही फळाला आली. आज त्यांचाच थोडा परिचय करून द्यायचा आहे.

सुरुवातीलाच एक सांगतो. धर्मांतर करावे की करू नये, यावर मी बोलणार नाही. तो वाद मोठा आहे आणि त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. माझा विषय मर्यादित आहे. बाहेरून आलेली एखादी गोष्ट एखाद्या गावाची, एखाद्या समाजाची स्वतःची केव्हा होते? हा प्रश्न केवळ ख्रिस्ती लोकांचा नाही. अनुदानावर सुरू झालेले वाचनालय, एखाद्या संस्थेने काढून दिलेला बचत गट, सरकारी योजनेतली पाणीवापर संस्था, या सगळ्यांपुढे तो एक दिवस उभा राहतोच.

कंपाउंडची मंडळी

आपल्या महाराष्ट्रापासूनच सुरुवात करू. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन तरुण मुंबईत उतरले. त्यांच्या कामातूनच पुढे अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. कंपनी सरकारला ते नको होते. त्यांना परत पाठवण्याची खटपटही झाली. पुढे १८३१ मध्ये या मिशनने अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे ठाणे उघडले. १८४२ मध्ये तिथूनच ‘ज्ञानोदय’ सुरू झाले. शाळा निघाल्या, मुलींच्या शाळा निघाल्या. १८२७ मध्ये मुंबईत आलेल्या सिंथिया फरार या बाई पुढे नगरला गेल्या. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे त्यांच्याकडे घेतल्याचे सांगितले जाते.

एवढे सारे होऊनही पहिली काही दशके मंडळी अगदीच लहान राहिली. जो कोणी बाप्तिस्मा घेई, त्याचे पाणी तुटे. घर, विहीर, बलुते, सोयरीक, सगळेच बंद होई. अशा माणसाला वाऱ्यावर सोडणे मिशनरींना शक्य नव्हते. मग त्याला मिशनच्या आवारात जागा मिळे आणि पाठोपाठ काम मिळे. कोणी शाळामास्तर, कोणी गावोगाव फिरणारा प्रचारक, कोणी छापखान्यात, कोणी साहेबांच्या घरी स्वयंपाकी. यातूनच ‘मिशन कंपाउंड’ नावाची एक वेगळीच वस्ती तयार झाली. महाराष्ट्रातल्या अनेक जुन्या शहरांत हे नाव आजही ऐकू येते.

यात दया होती, माणुसकी होती. पण दोन गोष्टी नकळत घडल्या. ख्रिस्ती झालेला माणूस आपल्या गावातून आणि नातलगांतून उठला. त्याने शेजाऱ्याला आपल्या श्रद्धेविषयी काही सांगावे, तर शेजारीच उरला नाही. दुसरे असे की, त्याची श्रद्धा आणि त्याचा पगार एकाच हातातून येऊ लागले. तो मनापासून बोलला तरी ऐकणारा म्हणे, ‘त्याचा तो धंदाच आहे.’

तीन ‘स्व’

ही अडचण सर्वांत आधी ओळखली ती परदेशातल्या कचेऱ्यांत बसलेल्या दोन चिटणिसांनी. लंडनच्या चर्च मिशनरी सोसायटीचे हेन्री व्हेन आणि बॉस्टनच्या अमेरिकन बोर्डाचे रुफस अँडरसन. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दोघेही जवळपास एकाच निष्कर्षाला पोचले. मंडळी खऱ्या अर्थाने उभी राहिली असे केव्हा म्हणावे? ती स्वतःचा कारभार स्वतः पाहील, स्वतःचा खर्च स्वतः भागवील आणि स्वतःच पुढे वाढेल तेव्हा. स्वशासन, स्वावलंबन आणि स्वप्रसार. इतिहासात याला ‘तीन स्वं’चे सूत्र म्हणतात. व्हेन यांचे म्हणणे तर असे की, मिशनचे काम मचाणासारखे आहे. इमारत उभी राहिली की मचाण काढून दुसरीकडे न्यायचे.

अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात आले आणि नगरच्या कामाची पाहणी करून गेले. इंग्रजी शाळांवर खर्च करण्यापेक्षा खेड्यापाड्यांत छोट्या मंडळ्या स्थापन कराव्यात आणि त्यांवर इथलेच पाळक नेमावेत, असा त्यांचा आग्रह होता. याच सुमारास नगरला हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या दोघांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. साहेबाच्या जागी आपला माणूस उभा राहण्याची ही सुरुवात होती. अर्थात इंग्रजी शाळा बंद करण्याच्या धोरणावर तेव्हाही टीका झाली. शिक्षणाशिवाय नेतृत्व कुठून येणार, हा आक्षेप खोटा नव्हता.

सूत्र कागदावर सोपे होते. ते व्यवहारात आणायचे कसे, हे दाखवले चीनमधल्या एका माणसाने.

सफरचंदाची कलमे लावणारा मिशनरी

जॉन नेव्हियस हा अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनरी १८५४ मध्ये चीनला गेला. त्याच्या कामाची मुख्य जागा म्हणजे उत्तरेकडचा शांतुंग प्रांत आणि चेफू हे बंदर. आज त्या गावाला यानताय म्हणतात. तिथली सफरचंदे चीनभर प्रसिद्ध आहेत आणि त्या बागांची सुरुवात नेव्हियसने आणलेल्या परदेशी जातींपासून झाली. १८७१ च्या सुमारास त्याने आपल्या बागेत या झाडांची लागवड केली आणि पुढे ती आसपासच्या शेतकऱ्यांकडे गेली. आपल्याकडच्या कोणत्याही आंबा बागायतदाराला कलमाचा धर्म ठाऊक असतो. वरची काडी बाहेरची चालते, पण खालचा खुंट त्या मातीत रुजलेला असावा लागतो.

मंडळीच्या बाबतीत नेव्हियसने असाच विचार केला. १८८५ मध्ये त्याने चीनमधल्या मिशनरींच्या मासिकात लेखमाला लिहिली. तिचा विषयच मुळी मिशनरी मंडळ्यांची लागवड आणि वाढ हा होता. पगारी प्रचारक नेमण्याच्या रूढ पद्धतीला त्याने ‘जुनी पद्धत’ म्हटले आणि तिच्यातले दोष अगदी व्यवहारी भाषेत मांडले. नवा ख्रिस्ती झालेला चांगला शेतकरी किंवा दुकानदार तुम्ही उचलता आणि पगारावर ठेवता. तो आपल्या जागेवरून हलतो. त्याच्या जागी जो प्रभाव पडला असता तो बुडतो. दुसऱ्याला वाटते, त्याला पगार, मग मला का नाही? आणि गावाला वाटते, हा विकला गेला.

त्याची नवी पद्धत थोडक्यात अशी. ज्याचा जो उद्योग असेल तो त्याने सोडू नये. शेतकऱ्याने शेतकरीच राहावे, विणकराने विणकर. प्रत्येक गावच्या छोट्या मंडळीचा पुढारी त्याच गावातला आणि बिनपगारी असावा. अशा अनेक गावांवर मिळून एखादा फिरता साहाय्यक असावा. शेतीचे काम ढिले असेल तेव्हा या पुढाऱ्यांना काही आठवडे एकत्र बोलावून शास्त्राचा नीट अभ्यास करवून घ्यावा. मग त्यांनी गावी परतून इतरांना शिकवावे. प्रार्थनामंदिर गावकऱ्यांनी स्वतःच्या पैशांनी आणि तिथल्याच पद्धतीने बांधावे. मातीच्या घरांच्या गावात मातीचेच मंदिर असले म्हणून काय बिघडले? अशा रीतीने सुमारे साठ ठिकाणी त्याने छोट्या मंडळ्या उभ्या केल्या.

खुद्द चीनमध्ये त्याच्या सहकाऱ्यांना हे फारसे पटले नाही. ही पद्धत उचलली ती शेजारच्या देशाने.

कोरियाची गोष्ट

जून १८९० मध्ये नेव्हियस सोलला गेला आणि सुमारे दोन आठवडे तिथे राहिला. तिथले मिशनरी तरुण होते, संख्येने थोडे होते आणि अनुभव नसल्यामुळे ऐकायला तयार होते. त्यांनी नेव्हियसची पद्धत आपले धोरण म्हणून स्वीकारली.

कोरियात जमीनही काहीशी तयार होती. मिशनरी देशात पाऊल ठेवण्याआधीच मांचुरियात जॉन रॉस या स्कॉटिश मिशनरीने कोरियन साथीदारांच्या मदतीने नव्या कराराचे भाषांतर सुरू केले होते. ते १८८७ मध्ये पूर्ण झाले. त्या साथीदारांपैकी सो सांग-र्युन नावाच्या व्यापाऱ्याने सोरे या खेड्यात आपल्या बळावर मंडळी जमवलीही होती. भाषांतरासाठी पंडितांची चिनी लिपी न घेता ‘हंगुल’ ही सोपी, सामान्यांची लिपी वापरली गेली. बाया, शेतमजूर काही आठवड्यांत वाचायला शिकत. ज्या लिपीला विद्वान कमी लेखत, तिला यातून मान मिळाला.

शेतीच्या सुट्टीतले अभ्यासवर्ग कोरियात फार गाजले. माणसे दूरदूरच्या खेड्यांतून पायी येत. खांद्यावर तांदळाची पिशवी असे, कारण जेवणाचा खर्च ज्याचा त्याने करायचा हा नियम होता. ज्यांच्याकडे द्यायला पैसे नसत, ते दिवस देत. वर्षातले इतके दिवस मी पदरमोड करून दुसऱ्या गावी जाऊन सांगेन, असा संकल्प सोडत. आपल्याकडच्या श्रमदानासारखेच हे दिवसांचे दान म्हणायचे.

एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. दक्षिणेकडच्या कुमसान गावात १९०८ मध्ये बांधलेले एक काटकोनी मंदिर अजून उभे आहे. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला स्त्रिया आणि कोपऱ्यात उपदेशकाची जागा, अशी त्याची रचना आहे. त्या मंडळीत वडील निवडायचे होते. मंडळीत गावचा जमीनदार होता आणि त्याच्याच तबेल्यात काम करणारा नोकरही होता. मतदान झाले आणि निवडून आला नोकर. सारे जण जमीनदाराकडे पाहू लागले. त्याने निकाल मान्य केला, पुढे त्या नोकराच्या शिक्षणालाही मदत केली. तो नोकर मोठा पाळक झाला आणि देशातल्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांच्या महासभेचा अध्यक्षही झाला. स्वशासन या शब्दाचा अर्थ अशा वेळी कळतो.

१९०७ मध्ये पहिल्या सात कोरियन पाळकांना दीक्षा मिळाली. त्यांपैकी एकाला, यी की-पुंग याला, लगेच जेजू बेटावर मिशनरी म्हणून पाठवण्यात आले. स्वतःचे जेमतेम उभे राहिलेले घर, पण दुसऱ्याला हात द्यायची तयारी होती.

पण सगळे श्रेय पद्धतीला देणे बरोबर होणार नाही. आपल्याकडे राज्यकर्ते ख्रिस्ती होते; त्यामुळे ख्रिस्ती होणे म्हणजे साहेबाच्या बाजूला जाणे, असा समज झाला. कोरियावर १९१० ते १९४५ राज्य केले ते जपानने. तिथे ख्रिस्ती असणे आणि देशभक्त असणे यांत विरोध नव्हता. १ मार्च १९१९ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्या ३३ जणांपैकी १६ जण ख्रिस्ती होते. बी एकच असले तरी हवा वेगळी असली की पीक वेगळे येते. २०१५ च्या जनगणनेत दक्षिण कोरियात प्रॉटेस्टंटांचे प्रमाण १९.७ टक्के होते. आपल्या महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार सर्व पंथांचे ख्रिस्ती मिळून एक टक्काही नाहीत.

नात्यागोत्याची वाट

हिंदुस्थानात मंडळी वाढली ती बहुधा वेगळ्याच वाटेने. आजच्या आंध्र प्रदेशातल्या ओंगोल भागात येरागुंटला पेरय्या नावाचा मादिगा समाजाचा गृहस्थ चामड्याचा व्यापार करी. १८६६ मध्ये तो ख्रिस्ती झाला. त्याने गाव सोडले नाही की धंदा सोडला नाही. व्यापाराच्या निमित्ताने जिथे जिथे सोयरे होते तिथे तिथे तो बोलत गेला. मंडळी पसरली ती या सोयरिकीच्या जाळ्यातून.

मग १८७६-७८ चा भीषण दुष्काळ आला. तिथले अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी जॉन क्लफ यांनी बकिंगहॅम कालव्याच्या साडेतीन मैलांचे खोदकाम कंत्राटाने घेतले आणि हजारो लोकांना मजुरी दिली. लोक बाप्तिस्मा मागू लागले. क्लफ यांनी मदतकार्य चालू असेपर्यंत बाप्तिस्मे बंद ठेवले. पोटासाठी आलेला कोण आणि मनापासून आलेला कोण, हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. मदत थांबली, तरी लोक येतच राहिले. ३ जुलै १८७८ या एका दिवशी २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला.

जे. वॉस्कम पिकेट यांनी अशा सामुदायिक चळवळींचा अभ्यास करून १९३३ मध्ये ग्रंथ लिहिला. मध्य प्रदेशातल्या दमोहला जन्मलेले डोनाल्ड मॅकगॅव्हरन यांनी तोच धागा पुढे नेला. १९५५ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी असे मांडले की, माणूस एकटा तोडून आणू नये. कुटुंबाच्या आणि जातगोताच्या पुलांवरून विश्वास आपोआप पुढे जातो. आज जगभर ‘मंडळी-वाढ’ हा जो अभ्यासविषय आहे, त्याचा उगम आपल्या छत्तीसगड-मध्य प्रदेशातल्या अनुभवात आहे, हे फार थोड्यांना माहीत असते.

या पद्धतीचा फायदा उघड आहे. माणूस एकाकी पडत नाही, त्याला कंपाउंडची गरज लागत नाही. पण तोटाही तितकाच मोठा आहे. जातीच्या पुलावरून आलेली मंडळी जात बरोबर घेऊन येते. एका गावात दोन समाजांच्या दोन मंडळ्या, वेगळ्या बसण्याच्या जागा, वेगळ्या दफनभूमी हे दुखणे भारतीय ख्रिस्ती समाजात अजून आहे. ज्या दलितांनी माणूस म्हणून जगता यावे यासाठी ही वाट धरली, त्यांना मंडळीतही शेवटच्या बाकावर बसावे लागले. आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलतींतूनही ते वगळले गेले. झटपट वाढ मोजताना या गोष्टी कोष्टकात येत नाहीत.

आपली भाषा, आपला ताल

मराठी मंडळीला एक मोठा माणूस लाभला, तो म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांनी ओळखले की इथे मंडळी परकी वाटते, कारण तिचे गाणे परके आहे. इंग्रजी चालीवर बसवलेली मराठी पदे गाताना जीभ अडखळते आणि मन तर त्याहून अडखळते. टिळकांनी अभंग लिहिले, भजने लिहिली, कीर्तने केली. टाळ-मृदंगाला चर्चमध्ये जागा मिळाली. आज ‘उपासना संगीत’ हाती घेतले तर टिळकांची गीते पानोपानी भेटतात.

पण टिळक गाण्यावर थांबले नाहीत. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र यावेत, परदेशी पैशाच्या आणि पंथांच्या चौकटीबाहेर काही उभे राहावे, अशी त्यांची कल्पना होती. १९१९ मध्ये ते वारले आणि दरबार फार काळ टिकला नाही. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त त्या संसाराची ओढाताण वाचायला मिळते. टिळकांचा प्रयोग फसला असे कोणी म्हणेल. मला वाटते, त्यांनी उत्तर अर्धे सोडले, पण प्रश्न पूर्ण मांडला.

त्याच काळात दक्षिणेत व्ही. एस. अझरया यांनी १९१२ मध्ये दोर्नाकलचे बिशप म्हणून सूत्रे घेतली. अँग्लिकन मंडळीचे ते पहिले भारतीय बिशप. खेड्यातल्या गरीब ख्रिस्ती शेतमजुरानेही आपल्या कमाईतला वाटा द्यावा असे ते शिकवत. देणारा माणूस मान ताठ ठेवून उभा राहतो, हे त्यांना ठाऊक होते. दोर्नाकलचे कॅथेड्रल १९३९ मध्ये पुरे झाले. त्याच्या बांधणीत देवळाचे खांबही दिसतात आणि मशिदीचे घुमटही.

मूठभर तांदूळ

शेवटी गोष्ट पैशापाशी येतेच. मिझोराममध्ये शंभरहून अधिक वर्षे एक रीत चालू आहे. प्रत्येक वेळी भात टाकताना घरची बाई आधी एक मूठ तांदूळ बाजूला काढून ठेवते. ते तांदूळ मंडळी गोळा करते, विकते आणि त्या पैशांतून सेवेचा खर्च चालतो. या मुठीमुठीतून आज दरवर्षी कोट्यवधी रुपये उभे राहतात. मिझोरामची मंडळी कोणाकडे हात पसरत नाही; उलट तीच इतरत्र माणसे पाठवते.

आमच्या नगर जिल्ह्यातल्या गावी चाळीसेक घरांची मंडळी आहे. मी शाळेतून निवृत्त झाल्यावर काही वर्षे तिची खजिनदारी माझ्याकडे होती. आमच्या आजोबांच्या काळात पाळकाचा पगार मिशनमधून येई. मग मदत आटत गेली आणि एका वर्षी बैठक बसली की, आता पाळक ठेवायचा की नाही? बहुतेकांचे मत होते, परवडत नाही. महिन्यातून एकदा तालुक्याचे पाळक येतील तेवढे पुरे. तेव्हा मागे बसलेली एक आजी उठली. खुरपणीला जाणारी बाई. म्हणाली, ‘मास्तर, एवढं सांगा, पाळक आपला व्हता का मिशनचा? मिशनचा व्हता तर जाऊ द्या. आपला आसंल तर मग त्याची भाकर आपून बघू.’

कोणी काही बोलेना. मग ज्याने त्याने आकडा सांगितला. कोणी ज्वारीच्या पायल्या लिहून दिल्या, कोणी दुधाचा रतीब. सुगीच्या उपासनेला लिलाव होतो, त्यात एक अंडे चार-चार वेळा विकले जाते. घेणारा पैसे देतो आणि अंडे परत ठेवतो. पाळकाला आजही पगार थोडाच मिळतो आणि कधी दोन महिने मागे राहतो. हे काही आदर्श चित्र नाही. पण तेव्हापासून बैठकीला माणसे जास्त येऊ लागली, हिशेब विचारू लागली, भांडूही लागली. स्वतःचे पैसे गेले की माणूस हिशेब विचारतो. व्हेनसाहेबांचे पहिले दोन ‘स्व’ असे हातात हात घालून येतात.

तोलाचा प्रश्न

स्वावलंबन हा मंत्र आहे, पण त्यालाही विषार असतो. कोरियात श्रीमंत वस्तीतली मंडळी अधिक श्रीमंत होत गेली आणि खेड्यातली मागे पडली. सोलमध्ये १९५८ साली तंबूत सुरू झालेली योइदोची मंडळी जगातल्या सर्वांत मोठ्या मंडळ्यांपैकी एक झाली. घराघरांतले छोटे गट आणि ते चालवणाऱ्या स्त्रिया हे तिचे बळ होते. पण तिचे संस्थापक डेव्हिड योंगी चो यांना २०१४ मध्ये मंडळीच्या पैशांसंबंधीच्या गुन्ह्यात न्यायालयाने दोषी ठरवले. वाढ झाली म्हणजे सगळे ठीक झाले, असे नाही. वरून साहेब गेला आणि त्याच्या जागी दुसरा साहेब बसला, तर स्वशासन कुठे आले?

बाहेरच्या पैशाविषयीची शंका आपल्या समाजात जुनी आहे. नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या समितीने १९५६ मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारला दिलेल्या अहवालात परदेशी पैशांवर बोट ठेवले होते. त्या अहवालातल्या अनेक निष्कर्षांवर ख्रिस्ती समाजाने आक्षेप घेतले. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये, धर्माचा प्रसार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा निर्णय दिला. आज अनेक राज्यांत यासंबंधी कायदे आहेत. त्यांच्या गैरवापराच्या तक्रारीही आहेत. या वादात कोणतीही बाजू घ्या, एक गोष्ट दोन्ही बाजूंना मान्य व्हावी. आमिषाने जमलेली मंडळी आमिष संपताच पांगते. आणि धाकाने पांगवलेली माणसे, श्रद्धा खरी असेल तर, घरात बसून प्रार्थना करतात.

याची साक्ष चीनने दिली आहे. १९४९ च्या क्रांतीनंतर काही वर्षांतच परदेशी मिशनऱ्यांना देश सोडावा लागला. सरकारने जी अधिकृत संघटना उभी केली, तिने नाव घेतले तेच ‘तीन स्वं’चे, पण स्वशासनावर डोळा सरकारचा. १९६६ नंतरच्या सांस्कृतिक क्रांतीत सगळीच मंदिरे बंद झाली. आता संपले, असे जगाला वाटले. १९७९ पासून दारे पुन्हा उघडू लागली तेव्हा दिसले की, मंडळी संपली नव्हती; स्वयंपाकघरांत, शेतांत, पाठ केलेल्या वचनांवर ती तगली होती. तिथे पाळक नव्हते, पगार नव्हते, इमारती नव्हत्या.

तेव्हा मंडळी रुजली का, हे पाहायचे असेल तर मनोऱ्याची उंची मोजू नये आणि बाप्तिस्म्यांची वहीही तपासू नये. तीन साधे प्रश्न विचारावेत. इथला खर्च कोण करतो? इथला निर्णय कोण घेतो, आणि त्यात खुरपणीला जाणाऱ्या बाईचा आवाज ऐकला जातो का? आणि इथले गाणे कोणाच्या गळ्यातले आहे? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे गावातच मिळाली, तर बी कुठून आले हे विचारण्याचे फारसे कारण उरत नाही. मिरची आणि बटाटा हेही एके काळी समुद्रापलीकडूनच आले. आज त्यांच्यावाचून आपला स्वयंपाक होत नाही.